एडिसनचा मुक्काम टाळा: बंदुका घेऊन पेनसिल्व्हेनियाहून न्यू हॅम्पशायरला जायचं असेल तर

तुमचा बेत मला कळला तो असा. चार जुलैच्या जोडून आलेल्या सुट्टीत फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टनहून न्यू हॅम्पशायरमधल्या कीनला होंडा सीआर-व्हीने जायचं. बरोबर एक ग्लॉक १९ पिस्तूल आणि .२२ची रुगर १०/२२ रायफल. खिशात पेनसिल्व्हेनियाचं कॅरी लायसन्स, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, सोबतचा मित्र एच-वन-बीवर आहे, आणि गाडी दोघं आलटून पालटून चालवणार. कीनला कॉलेजच्या मित्राकडे दोन दिवस राहून तिथल्या रेंजवर नेमबाजी करायची आणि येताना एक रात्र न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे थांबायचं. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंय, ‘लायसन्स असल्यावर अडचण येऊ नये ना?’

येऊ शकते, आणि मोठी येऊ शकते. तुम्ही ज्या गोष्टीवर विसंबलात, म्हणजे लायसन्स, ते या प्रवासात जवळपास निरुपयोगी आहे. आणि ज्या दोन गोष्टी तुम्ही सहज जाता जाता लिहिल्यात, मित्राचा व्हिसा आणि मावशीकडचा मुक्काम, त्याच दोन सगळ्यात धोक्याच्या आहेत. बंदुका पेटीत कशा भरायच्या हा प्रश्न त्यामानाने सोपा.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे कुठल्या अधिकाराने बोलतोय ते कळेल. पुण्यात एनसीसीत असताना गोणपाटावर पालथं पडून .२२च्या रायफलीने पहिल्या पाच गोळ्या झाडल्या, तेव्हापासून या खेळाचं वेड आहे. गेली अठरा वर्षं पेनसिल्व्हेनियात नेमबाजी करतोय आणि त्यातली बरीच वर्षं रेंजवर सुरक्षा अधिकारी म्हणून उभा राहतोय, नवख्यांना पिस्तूल शिकवतोय. सामन्यांसाठी दरवर्षी तीन-चार वेळा राज्याबाहेर जाणं होतं. मी वकील नाही. तुमच्या व्हिसाच्या, जुन्या एखाद्या केसच्या किंवा बंदुकीच्या विशिष्ट ठेवणीच्या तपशिलाने उत्तर बदलू शकतं, आणि तशी शंका असेल तर दोनशे-तीनशे डॉलर घालवून बंदूक कायद्याच्या वकिलाला विचारा. बाकीचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

आधी लायसन्सचं बघू. ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, म्हणून बंदुकीचंही चालत असेल असं आपल्याला सहज वाटतं. तसं नाही. कुठल्या राज्याने कुठल्या राज्याचं कॅरी लायसन्स मानायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं आहे, आणि न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क ही राज्यं बाहेरचं एकही लायसन्स मानत नाहीत. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा, आणि त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय काढावी लागतात. २०१३ साली फिलाडेल्फियाची दोन मुलांची आई असलेली एक तरुणी पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने गाडी थांबवली. तिने प्रामाणिकपणे स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे माझं पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स. तिला तिथेच अटक झाली. पुढे खूप आरडाओरडा झाला, खटला सौम्य मार्गाने निकाली निघाला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. पण मधली दीड वर्षं तिने कशी काढली असतील याचा विचार करा. तिच्याकडे होतं तेच लायसन्स तुमच्याकडे आहे.

मग परराज्यातून बंदूक नेता येतच नाही का? येते. त्यासाठी १९८६चा एक केंद्रीय कायदा आहे, फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट. आम्ही बोलताना त्याला ‘फोपा’ म्हणतो. त्याचं म्हणणं असं: जिथून निघालात तिथे ती बंदूक बाळगणं कायदेशीर असेल आणि जिथे पोहोचणार तिथेही असेल, तर मधल्या राज्यांचे कायदे काहीही असोत, तुम्ही ती घेऊन जाऊ शकता. अट एवढीच की बंदूक रिकामी हवी, आणि बंदूक किंवा गोळ्या गाडीतल्या माणसाच्या हाताशी नसाव्यात. वेगळी बंद डिकी असेल तर डिकीत. तुमच्या सीआर-व्हीसारखी मागून मोकळी गाडी असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला खण ही ‘कुलूपबंद पेटी’ धरली जात नाही. पेनसिल्व्हेनियात तुमच्या बंदुका कायदेशीर आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७पासून बंदूक जवळ बाळगायला परवाना लागतच नाही. म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही ठीक.

आता यातली मेख. हा कायदा प्रवासाला संरक्षण देतो, मुक्कामाला नाही. २००५ साली यूटामधला एक माणूस रिकामं पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन करून पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीतल्या नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. सामान त्याच्या हातात आलं आणि रात्र त्याने जवळच्या हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर येऊन नेहमीप्रमाणे ‘बॅगेत पिस्तूल आहे’ असं जाहीर केलं, तर न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक. चार दिवस कोठडीत गेले. आरोप नंतर मागे घेतले, पण त्याने केलेल्या दाव्यात तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यू जर्सी ज्यात येतं त्या केंद्रीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला. कारण काय, तर हॉटेलच्या खोलीत रात्रभर ती पेटी त्याच्या हाताशी होती. विमान चुकलं यात त्याचा काहीही दोष नव्हता, तरीही.

हे वाचून एडिसनच्या मुक्कामाकडे बघा. तुम्ही तर ठरवून थांबणार आहात. सीआर-व्ही मावशीच्या दारात उभी, बंदुका गाडीत किंवा रात्री चोरीच्या भीतीने उचलून घरात, आणि तुम्ही ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला. त्या क्षणी तुम्ही ‘न्यू जर्सीतून जाणारे’ राहत नाही, ‘न्यू जर्सीत बंदुकीसह असलेले’ होता. न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यात रेंजवर जाण्यायेण्याला सवलत आहे, पण वाट वाकडी करायची ती वाजवी गरजेपुरतीच असंही त्यात लिहिलंय. मावशीकडची पुरणपोळी त्यात बसवून दाखवायला वकिलाला फार कष्ट पडतील.

आणखी एक गोष्ट लोक समजून घेत नाहीत. फोपा म्हणजे अटकेपासूनचं कवच नव्हे. रस्त्यावरचा पोलीस तुमची कथा तिथेच तपासत बसत नाही. तो राज्याचा कायदा बघतो, तुम्हाला नेतो, आणि फोपाचा मुद्दा तुमच्या वकिलाने नंतर न्यायाधीशापुढे मांडायचा असतो. चुकीने अटक झाली म्हणून त्या कलमाच्या जोरावर नुकसानभरपाई मागायची सोयही नाही. न्यू यॉर्क ज्यात येतं त्या दुसऱ्या सर्किटने २०१०मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की फोपा आहे याचा आधार ठेवा, पण प्रवास असा आखा की त्याचं नाव घ्यायची वेळच येऊ नये.

जन्माने अमेरिकन असलेल्या माणसापेक्षा तुम्हाला हे जास्त लागू पडतं. स्थलांतर कायद्यात बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध होणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि ते ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. शिक्षा किती झाली, तुरुंगात गेलात की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. नागरिक माणूस वकिलाच्या सल्ल्याने हलका गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि घरी जातो. तुम्ही तेच केलंत तर दंडाची पावती हातात आणि पाठोपाठ हद्दपारीची नोटीस, असं होऊ शकतं. कबुलीचा स्थलांतरावर काय परिणाम होईल हे वकिलाने अशिलाला सांगितलंच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. तरी वेळ आलीच तर तुम्ही स्वतःहून पहिल्या वाक्यात सांगा की मी नागरिक नाही. मी बंदुकीच्या बाबतीत इतका काटेकोर झालो तो ग्रीन कार्डच्या त्या पाच-सहा वर्षांत. नागरिकत्व मिळाल्यावरही सवय गेली नाही, आणि जाऊ नये.

आता तुमच्या मित्राचं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, अशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असला आणि माणूस अजून एच-वन-बीवरच असला, तर तो या बंदीतच येतो. २०२२पासून या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘बाळगणं’ म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेही बाळगणंच. आणि गाडीत बंदुका आहेत हे ठाऊक असताना स्टिअरिंगवर तो आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याजवळ, तर ताबा त्याच्याकडे होता असं म्हणायला सरकारी वकिलाला जागा मिळते. फ्लोरिडात एका अमिरातीतून आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजने काढून टाकलं होतं, त्यामुळे त्याचा व्हिसाचा दर्जा संपला होता. तो एका रेंजवर जाऊन बंदूक चालवून आला आणि त्यावरून केंद्रीय खटल्यात सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तुमच्या मित्राला त्याचा व्हिसा कुठला हे पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे त्या निकालाचा त्याला फारसा उपयोग नाही.

मार्ग मात्र आहे, आणि तो सरळ आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला या बंदीतून सूट मिळते. शिकार करायलाच हवी असं नाही. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी आधी शिकारी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. अभ्यास ऑनलाइन करता येतो, मग परवाना निघतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एच-वनवाल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी वर्गात घेण्याआधी हा कागद दाखवायला सांगतो. एका मुलाने मागे मोठ्या उत्साहाने परवाना पुढे केला, कोपरे दुमडलेला, पाकिटात दमट झालेला. मी तारीख वाचली आणि त्याला परत पाठवलं. पेनसिल्व्हेनियाचं शिकारीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. तो आला होता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही निघताय चार जुलैच्या सुट्टीत, म्हणजे मित्राकडे गेल्या वर्षीचा परवाना असेल तर तो तुम्ही निघायच्या तीन-चार दिवस आधीच मेलेला असेल. नव्या वर्षाचा काढायला लावा. तो निघत नसेल तर मित्राने बरोबर यावं, फोटो काढावेत, पण गाडी चालवू नये, किल्ल्या घेऊ नयेत आणि रेंजवर हात लावू नये. परवाना असला तरीसुद्धा पेट्यांच्या किल्ल्या तुमच्या खिशात आणि स्टिअरिंग तुमच्या हातात, हे मला जास्त बरं वाटेल.

इथवरचं थोडक्यात: मुक्काम नाही, मित्राचा परवाना ताजा, आणि फोपा हा शेवटचा आधार. आता रस्ता.

फोनला विचारलंत तर तो तुम्हाला न्यू जर्सीतून हडसन नदी ओलांडून कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स असं घेऊन जाईल. बंदुकीच्या कायद्यांच्या दृष्टीने ही देशातली सगळ्यात कडक पट्टी आहे, आणि तुम्ही ती सगळी एका दमात ओलांडणार. नकाशा नीट बघितलात तर लक्षात येईल की न्यू यॉर्क राज्य पूर्णपणे टाळून गाडीने न्यू इंग्लंडात पोहोचताच येत नाही, ते राज्य समुद्रापासून कॅनडापर्यंत आडवं पसरलंय. पण बाकीची तीन टाळता येतात. मी जातो तो रस्ता असा: आय-४७६ म्हणजे टर्नपाइकचा ईशान्य फाटा पकडून वर क्लार्क्स समिटपर्यंत, तिथून आय-८१ने बिंगहॅम्टन, मग आय-८८ने स्कनेक्टडीपर्यंत, रूट ७ने ट्रॉयवरून व्हरमाँटमधलं बेनिंग्टन. पुढे व्हरमाँटचा रूट ९ डोंगरातून ब्रॅटलबरोला उतरतो आणि तोच नंबर धरून नदीपलीकडे कीन. हा रस्ता शंभरेक मैलांनी लांब आहे, साधारण दोन तास जास्त धरा. पण शहरं नाहीत, ट्रॅफिक नाही, आणि बेनिंग्टननंतरचा घाट जुलैमध्ये इतका हिरवा असतो की मला दरवेळी पावसाळ्यातला वरंध आठवतो. न्यू यॉर्क राज्यात शिरण्याआधी पेनसिल्व्हेनियातच टाकी भरा, जेवून घ्या. न्यू यॉर्कमध्ये थांबायचं ते स्वच्छतागृहापुरतं, आणि दोघांनी एकदम गाडी सोडायची नाही.

आणि येताना ‘एवढं वर आलोय तर नायगारा’ हा विचार मनात आला तर तो पुढच्या सहलीला ठेवा. तिथे राहणं म्हणजे न्यू यॉर्कमधला मुक्काम, आणि एखादा चुकीचा फाटा घेतलात तर समोर कॅनडाची सीमा.

रस्ता चुकणं ही काय चीज आहे ते मी स्वतः अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातच पोकोनोच्या बाजूला एका सामन्याला चाललो होतो. आय-८०वर बोलता बोलता शेवटचा फाटा हुकला आणि समोर डेलावेअर नदीवरचा पूल आला. जाताना त्या पुलावर टोलही नाही, म्हणजे थांबून कुणाला विचारायची सोय नाही. दोन मिनिटांत मी न्यू जर्सीत. बंदूक डिकीत, कुलूपबंद, रिकामी, सगळं नियमाप्रमाणे. पण पेटीत पिस्तुलाची पंधरा गोळ्यांची तीन मॅगझिन्स, म्हणजे बंदुकीत सरकवायचे गोळ्यांचे खण, होती, आणि हे आठवल्यावर माझे तळहात स्टिअरिंगवर घसरायला लागले. पहिल्या फाट्यावरून वळून परत पेनसिल्व्हेनियात येईपर्यंत मी आरशातून नजर काढली नाही.

तुमच्या ग्लॉक १९बरोबर येणारं मॅगझिन पंधरा गोळ्यांचंच असतं. न्यू यॉर्कमध्ये २०१३पासून आणि न्यू जर्सीत २०१८पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बाळगणं बेकायदा आहे, मग ते रिकामं का असेना. व्हरमाँटची मर्यादा रायफलीला दहा आणि पिस्तुलाला पंधरा. फोपाच्या कलमात बंदूक आणि दारूगोळा हे शब्द आहेत, मॅगझिन हा शब्द नाही. त्यावर वाद घालता येईल, पण तो तुमच्या खर्चाने घातला जाईल. म्हणून दहा गोळ्यांची दोन मॅगझिन्स विकत घ्या आणि मोठी सगळी घरी तिजोरीत ठेवा. रुगर १०/२२चं मूळ मॅगझिन दहाचंच असतं, ते चालेल. तिला लांबडं केळ्यासारखं मॅगझिन लावलं असेल तर तेही घरी. रायफलीला पिस्तुलासारखी मूठ किंवा नळीच्या तोंडाला आटे असतील, तर न्यू यॉर्कच्या व्याख्येत ती ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे बंदी असलेलं हत्यार, ठरू शकते. तशी असेल तर ती रायफल या प्रवासाला नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

गोळ्यांबद्दल माझं मत अनेकांना टोकाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. न्यू यॉर्कच्या दंडसंहितेत ‘भरलेली बंदूक’ या शब्दाची व्याख्या बघितलीत तर हबकाल. बंदूक पूर्ण रिकामी असली तरी तिला चालतील अशा गोळ्या त्याच माणसाजवळ असतील, तर ती भरलेली समजली जाते. गोळ्या वेगळ्या डब्यात आहेत एवढ्याने ती व्याख्या टळत नाही. फोपाने तुम्हाला गोळ्या नेऊ दिल्या आहेत हे खरं. पण कीनमध्ये ९ मिमी आणि .२२ दोन्ही दुकानात मिळतात, त्यासाठी तिथे परवाना लागत नाही. मग चारशे गोळ्यांचं ओझं न्यू यॉर्कमधून कशाला न्यायचं? तिथे घ्या, झाडा, उरतील त्या कीनच्या मित्राकडे ठेवून या. तरी न्यायच्याच असतील तर मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद डब्यात, आणि साध्या गोल तोंडाच्या. पोकळ टोकाच्या गोळ्यांवर न्यू जर्सीत वेगळे निर्बंध आहेत, आणि रेंजवर कागदाला भोक पाडायला त्या लागतही नाहीत.

आता पेटी. मी हे नेहमी घरातल्या टेबलावर, निघायच्या आदल्या रात्री करतो, सकाळच्या घाईत नाही. पिस्तूल: मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या पोकळीत, बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. डोळा चुकतो, बोट चुकत नाही. बंदुकीबरोबर आलेलं ते तारेचं कुलूप वरच्या फटीतून घालून खाली मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढा आणि लावा. रायफलीचा बोल्ट मागे, चेंबरमध्ये नारिंगी झेंडी. दोन्ही बंदुका कडक पेटीत, पेटीला जितकी भोकं तितकी कुलपं. एकच कुलूप लावलं तर दुसरा कोपरा उचकटून हात आत जातो, आणि मग तिला कुलूपबंद म्हणणं कठीण. पेटी सीआर-व्हीच्या अगदी मागे, तिच्यावर कपड्यांच्या बॅगा. बॅगा कायद्यासाठी नाहीत, चोरासाठी आहेत. दोन्ही बंदुकांचे अनुक्रमांक लिहून एक कागद घरी ठेवा. तुमच्याजवळ ग्रीन कार्ड मूळ हवं, ते तसंही सतत जवळ बाळगावंच लागतं. कीनच्या रेंजचं बुकिंग किंवा तिथल्या मित्राचा पत्ता असलेला ईमेल छापून ठेवा. कुठून कुठे आणि कशासाठी, हे कागदावर दिसलं तर बोलणं कमी करावं लागतं. गाडीत गांजाचा वासही नको. न्यू यॉर्कमध्ये तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात गांजा ओढणारा आणि बंदूक हे एकत्र बसत नाहीत.

पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली, तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद मागितल्यावरच काढा, आणि कुठून काढताय ते आधी सांगा. बंदुकीबद्दल विचारलं तर खोटं बोलू नका: रिकाम्या, कुलूपबंद, मागे आहेत, पेनसिल्व्हेनियाहून न्यू हॅम्पशायरला नेमबाजीला चाललोय. एवढंच, यापुढे गप्पा नाहीत. ‘गाडी बघू का?’ असं विचारलं तर ‘माझी संमती नाही’ असं शांतपणे म्हणणं हा तुमचा हक्क आहे. तरीही त्याने उघडायला घेतली तर अडवू नका, हात दिसत राहू द्या. आणि पोलिसाने थांबवायचं कारणच देऊ नका. अठरा वर्षांत बंदुका घेऊन जाताना मी वेगमर्यादेच्या वर गेलेलो नाही, मागचे दिवे तपासल्याशिवाय निघालेलो नाही.

कीनला पोहोचल्यावर एक मोह होईल. तिथल्या मित्राची एखादी बंदूक आवडेल आणि तो म्हणेल, घेऊन जा, पैसे दे सावकाश. ते करू नका. दोन वेगळ्या राज्यांत राहणाऱ्या माणसांनी आपापसात बंदुकीचा व्यवहार करणं केंद्रीय कायद्याने मना आहे, तो परवानाधारक दुकानदारामार्फतच व्हावा लागतो, आणि पिस्तूल असेल तर तुमच्या राज्यातल्या दुकानदारामार्फत. पण खेळापुरती तात्पुरती उसनी घ्यायला मात्र कायद्यात मुभा आहे, आणि यातूनच मला तुम्हाला एक गोष्ट सुचवायची आहे. मित्राकडे पिस्तूल असेल तर तुमचा ग्लॉक घरीच ठेवा आणि फक्त रायफल न्या. मधल्या राज्यांत पिस्तुलाला जे कायदे लागतात ते साध्या .२२ रायफलीपेक्षा कितीतरी कडक आहेत. मी हल्ली निव्वळ मजेच्या सहलीला पिस्तूल नेतच नाही, सामना असेल तरच नेतो.

हे कायदे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या, बंदूक बाळगण्याच्या हक्काबद्दलच्या ब्रुएन निकालापासून सतत हलताहेत, दर काही महिन्यांनी कुठलं ना कुठलं कलम कोर्टात असतं. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी न्यू यॉर्क आणि व्हरमाँट दोन्हींच्या राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर जाऊन मॅगझिन आणि वाहतुकीचं पान पुन्हा वाचा.

राहता राहिल्या मावशी. रविवारी त्याच डोंगरातल्या रस्त्याने थेट एक्स्टनला या, बंदुका तिजोरीत ठेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीने एडिसनला जा, दीड-दोन तासांचा तर रस्ता आहे. फक्त निघण्यापूर्वी गाडीच्या मागच्या भागातली चटई उचलून बघा. १०/२२ची रेंजवर झाडलेली एखादी पितळी पुंगळी सापडली तर काही बिघडत नाही, पण न झाडलेली जिवंत गोळी घरंगळून तिथे राहिलेली असेल तर ती घरात ठेवूनच निघा.